‘निस्तार’ ते ‘वनहक्क’ : शब्दांच्या प्रवासातून झाडीपट्टीतील सांस्कृतिक परिवर्तनाचा शोध

प्रस्तावना :

शब्दांच्या आधारे संस्कृतीचा इतिहास लिहिता येतो, ही कल्पना मराठी अभ्यासकांना नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी शब्दांची व्युत्पत्ती हे इतिहासाचे साधन मानले आणि विवाहसंस्थेसारख्या विषयाचा मागोवाही धातू व नामे यांच्या आधारे घेतला. इंग्रजीत रेमंड विल्यम्स यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘कीवर्ड्स’ या ग्रंथात समाज आणि संस्कृती यांविषयी बोलताना वापरल्या जाणाऱ्या शब्दांचे अर्थ कसे बदलत गेले, हे दाखविले. डिसेंबर २०१० मध्ये गूगलने लक्षावधी छापील पुस्तकांतील शब्दांची वर्षवार मोजणी करणारे साधन खुले केले आणि ‘शब्द मोजा, संस्कृती समजेल’ असा एक नवा विश्वास जगभर पसरला. त्या साधनात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, रशियन, चिनी, हिब्रू या भाषा होत्या. भारतीय भाषा एकही नव्हती.

प्रस्तुत लेखात या अभ्यासपद्धतींचा विचार आरमोरी आणि तिच्या भोवतालच्या प्रदेशाच्या, म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील झाडीपट्टीच्या संदर्भात केला आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला; तथापि शब्दांच्या दृष्टीने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील धानाचा पट्टा एकच आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या शब्दांचे आणि लोकसाहित्याचे संकलन आयुष्यभर निष्ठेने केले. त्या कामामुळेच ही बोली स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाली, हे प्रथम नमूद केले पाहिजे. परंतु त्यानंतर महाविद्यालयीन पातळीवर जे लेखन झाले, त्यातील बरेचसे ‘लुप्त होत चाललेले शब्द’ या एकाच मथळ्याखाली बसते. मोट गेली म्हणून मोटेचे शब्द गेले, जाते गेले म्हणून जात्याचे शब्द गेले, अशा याद्या दिल्या जातात आणि शेवटी हळहळ व्यक्त केली जाते. वस्तू गेली की तिचे नाव जाते, हे सांगण्यासाठी संशोधनाची गरज नाही. वस्तू जिथल्या तिथे राहते आणि तिचे नाव बदलते, किंवा नाव तेच राहते आणि त्या नावावरचा अधिकार दुसऱ्याकडे जातो, तेथे खरा सांस्कृतिक बदल घडलेला असतो. झाडीपट्टीत अशी उदाहरणे विपुल आहेत आणि ती प्रामुख्याने पाणी व जंगल यांच्याशी निगडित आहेत.

‘निस्तार’ : एका शब्दाची दोन चरित्रे

संस्कृतात ‘निस्तार’ म्हणजे पार जाणे, तरून जाणे, सुटका. प्रमाण मराठीत या शब्दाचे जे रूप रूढ आहे, ते ‘निस्तरणे’. ‘स्वतः करून ठेवले आहेस, आता तूच निस्तर’ असे आपण म्हणतो. म्हणजे पुण्या-मुंबईच्या मराठीत या शब्दाला एखाद्या नकोशा गोष्टीचा, गोंधळाचा वास आहे. झाडीपट्टीत मात्र ‘निस्तार’ हे नाम आहे आणि त्याचा अर्थ अगदी वेगळा आहे. चुलीचे सरपण, नांगराचे व घराचे लाकूड, कुंपणाच्या काट्या, गुरांची चराई, तलावावरचे पाणी, गावठाणाबाहेरची मोकळी जागा, या सर्वांचा गावाने मिळून केलेला नित्याचा वापर म्हणजे निस्तार. दिवस ‘पार पडण्या’साठी जे लागते, ते निस्तार. मूळ अर्थाशी हे किती जवळ आहे! प्रमाण मराठीने शब्दाची कटकट तेवढी ठेवली, झाडीने त्यातला तरणोपाय ठेवला.

हा शब्द केवळ बोलीत राहिला नाही, तो दप्तरात गेला. मध्य प्रांतातील जमाबंदीत गावाच्या चालीरीती ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदात नोंदविल्या जात. मालगुजारी नष्ट झाल्यावर, हा भाग अद्याप मध्य प्रदेशात असतानाच, गावाच्या सामाईक वापराच्या नोंदींसाठी ‘निस्तारपत्रक’ पुढे आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. पण शब्द सुटला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १६१ निस्तारपत्रकासंबंधी आणि कलम १६५ वाजिब-उल-अर्जासंबंधी आहे. पश्चिम महाराष्ट्रात महसूल खात्यात आयुष्य घालविलेल्या अधिकाऱ्यालाही हे दोन शब्द अपरिचित असू शकतात. एकाच राज्याच्या एकाच कायद्यात दोन प्रांतांच्या स्मृती शेजारी शेजारी नांदत आहेत, याकडे भाषेच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही.

येथपर्यंत हा शब्द टिकला, असे म्हणता येईल. पण टिकण्याच्या या काळातच त्याचा अर्थ आतून पोखरला गेला. वाजिब-उल-अर्जातील निस्तार ही गावाची ‘वहिवाट’ होती. वनखात्याच्या व्यवहारात ती ‘सवलत’ झाली. वहिवाट आपली असते, सवलत दुसऱ्याने दिलेली असते आणि देणारा ती काढून घेऊ शकतो. पुढे ‘निस्तार डेपो’ आले. ज्या गावाच्या सीमेत बांबू आहे त्याच गावाने ठरलेल्या जागी जाऊन ठरलेल्या दराने बांबू विकत घ्यावा, अशी व्यवस्था झाली आणि तिलाही नाव ‘निस्तार’च राहिले. शब्दांची वारंवारिता मोजणाऱ्या यंत्राला या सर्व काळात ‘निस्तार’ची रेषा सरळ दिसली असती. रेषा सरळ असताना अर्थ उलटा झाला होता, हे त्याला कळले नसते.

नंतर एक अनपेक्षित वळण आले. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ मध्ये कलम ३(१)(ख) खाली सामूहिक हक्क सांगताना संसदेने हाच शब्द उचलला : ‘निस्तार’सारखे हक्क, मग ते कोणत्याही नावाने ओळखले जात असोत, आणि पूर्वीच्या संस्थानांत, जमीनदारीत किंवा तत्सम मध्यस्थांच्या व्यवस्थेत वापरले जाणारे हक्कही त्यात आले. मध्य प्रांताच्या खेड्यांतील एक शब्द संपूर्ण देशाच्या कायद्यात हक्काचे नाव म्हणून गेला. ‘कोणत्याही नावाने’ ही पुस्ती तर भाषाभ्यासकाने थांबून वाचावी अशी आहे. एकाच व्यवहाराला गावोगाव वेगळी नावे असतात, ती नावे कागदावर एकसारखी नसतात आणि केवळ नाव जुळत नाही म्हणून हक्क नाकारता येणार नाही, एवढे सर्व तीत गृहीत धरले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा गावाच्या जुन्या निस्तार हक्कांची परंपरा त्या दाव्याच्या पाठीशी होती. सवलत पुन्हा वहिवाट झाली आणि वहिवाटीचा हक्क झाला.

जमीन तीच, माणूस तोच :

निस्तारात शब्द कायम राहून अर्थ बदलला. याच्या उलट प्रकार ‘जबरानजोत’ या शब्दाच्या बाबतीत दिसतो. जंगलालगतची जमीन काढून, परवानगीविना केलेली शेती म्हणजे विदर्भातील जबरानजोत. ‘जोत’ म्हणजे कसणे, आणि ‘जबरान’ म्हणजे बळजबरीने. हा शब्द सरकारी आहे, निंदाव्यंजक आहे. तरीही कसणाऱ्यांनी तो स्वीकारला आणि ‘जबरानजोत शेतकरी’ या नावाने मोर्चे काढले, निवेदने दिली. शिवीचे नाव झाले. राज्याच्या अन्य भागांत यालाच ‘अतिक्रमण’ म्हणतात आणि कायद्याच्या भाषेतही तोच शब्द पुढे स्थिर झाला. ‘जबरानजोत’मध्ये निदान जोत होती, म्हणजे श्रम होते, ‘अतिक्रमण’मध्ये तेही उरले नाहीत, केवळ सीमा ओलांडल्याचा दोष उरला. २००६ च्या अधिनियमाने १३ डिसेंबर २००५ ही तारीख ठरवून त्यापूर्वीपासून ताबा असलेल्यांना ‘दावेदार’ केले आणि दावा मंजूर झालेल्यांना ‘वनहक्कधारक’. अधिनियमाच्या उद्देशिकेत वननिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचे म्हटले आहे. म्हणजे एकच कुटुंब, त्याच बांधीत, त्याच धुऱ्यावर उभे राहून तीन पिढ्यांत जबरानजोतदार, अतिक्रमणधारक, दावेदार आणि हक्कधारक झाले. परे तेच, रोवणी तीच. कोशात हे चार शब्द चार ठिकाणी सापडतील. ते एकाच माणसाचे चरित्र आहे, हे कोश सांगत नाही. कोशाचे ते कामही नाही. पण मग हे काम कोणाचे, हा प्रश्न मराठी विभागांनी स्वतःला विचारायला हवा.

येथेच एक छोटे निरीक्षण. ‘राखीव’ हा शब्द आरमोरी परिसरात दोन अर्थांनी रोज कानावर पडतो. १८७८ व १९२७ च्या वन कायद्यांनी रूढ केलेल्या ‘राखीव जंगला’त गावाला मज्जाव आहे आणि अनुसूचित जमातींसाठी ‘राखीव’ असलेल्या आरमोरी विधानसभा मतदारसंघात त्याच गावच्या माणसाला स्थान आहे. एक राखीव बाहेर ठेवणारे, दुसरे आत घेणारे. ‘राखणे’ या साध्या मराठी धातूला हे दोन विरुद्ध अर्थ राज्यसंस्थेने दिले.

‘मामा’ कोण?

पाण्याकडे वळल्यास ‘मामा तलाव’ हा शब्द समोर येतो. नवख्या माणसाला वाटते की कुणा मामाने हा तलाव बांधला असावा. वस्तुतः ‘माजी मालगुजारी तलाव’ याचे ‘मा.मा. तलाव’ असे कार्यालयीन संक्षिप्त रूप झाले आणि लोकांनी मधली टिंबे गाळून त्याचे नाते लावले. ‘मालगुजार’ हा फारसी शब्द. माल म्हणजे महसूल, तो अदा करणारा तो मालगुजार. इंग्रजी अमलात १८६० नंतरच्या जमाबंदीत (चांदा जिल्ह्याचा मेजर लूसी-स्मिथ यांचा अहवाल १८६९ चा आहे) महसूल भरणाऱ्या या इसमाला गावाचा मालक ठरविण्यात आले. पैसे भरणाऱ्याचे नाव मालकाचे नाव झाले. हाच मुळात एक मोठा अर्थपालट होता. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या अधिनियमाने, १९५१ पासून, ही मालकी संपली आणि तलाव शासनाकडे गेले. मालगुजार ‘माजी’ झाला आणि त्याच्या नावाबरोबर त्याचे माजीपणही तलावाला चिकटले.

या नावात जे दडले आहे ते असे. वैनगंगेच्या खोऱ्यातील अनेक तलाव मालगुजारीहून जुने आहेत. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमीन देऊन उत्तेजन दिले आणि कोहळी समाजाने या विद्येत विशेष नैपुण्य मिळविले, अशी परंपरा सर्वमान्य आहे. मालगुजारी ही व्यवस्था उणीपुरी नव्वद वर्षे टिकली. तरीही शासकीय नोंदीत तलावाची ओळख या मधल्या नव्वद वर्षांची आहे. बांधणाऱ्या कोहळ्याची नाही, पाळीवर राबणाऱ्या मजुराची नाही, की त्यात मासेमारी करणाऱ्या ढिवराचीही नाही. ‘मामा’ म्हणून लोकांनी त्याला घरात घेतले खरे, पण ज्याला घरात घेतले तो कोण, हे विसरून. लोकव्युत्पत्तीकडे आपण विनोद म्हणून पाहतो. येथे ती एका विस्मरणाचा पुरावा आहे, आणि कदाचित लोकांच्या बाजूने केलेली एक दुरुस्तीही : तलाव ‘माजी’ कधी होत नसतो, एवढे तरी या नव्या नावाने सुचविले.

तलावाच्या आतले शब्दही बदलले. मत्स्यव्यवसायाच्या योजनांनी कटला, रोहू आणि मृगळ या बाजारू जाती आणल्या. त्यांबरोबर ‘बीज’, ‘संचयन’, ‘लीज’ हे शब्द आले. स्थानिक मासे आणि पाणवनस्पती यांची नावे ढिवरांच्या बोलण्यात तेवढी उरली. भंडारा-गोंदिया भागात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर समाजासोबत तलावांच्या पुनरुज्जीवनाचे काम केले, तेव्हा कोणती वनस्पती लावायची आणि कोणता मासा सोडायचा हे ठरविण्यासाठी या समाजाचे पारंपरिक ज्ञानच उपयोगी पडले. ज्ञान आणि नाव वेगळे काढता येत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

मोजणी कशाची?

शब्दांच्या वारंवारितेवर विसंबणाऱ्या पद्धतीची मर्यादा ‘मोह’ या शब्दाने स्पष्ट होते. मोहाचे फूल या प्रदेशात अन्न आहे, औषध आहे, देवाचा नैवेद्य आहे, उन्हाळ्यातील रोकड आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. त्यानंतरच्या स्थानिक वृत्तपत्रांत मोह मुख्यतः ‘मोहसडवा’ या सामासिक शब्दात भेटतो आणि त्याच्या पुढे ‘नष्ट’ किंवा ‘जप्त’ हे क्रियारूप ठरलेले असते. दारूबंदीमागील स्त्रियांच्या चळवळीचे महत्त्व येथे कमी लेखण्याचा हेतू नाही. ती चळवळ खरी होती आणि तिची कारणेही खरी होती. मुद्दा साधनांचा आहे. उद्या कोणी या वृत्तपत्रांचा संग्रह संगणकावर घालून मोजणी केली, तर मोह हा गुन्हेगारीच्या क्षेत्रातला शब्द ठरेल. त्याच गावातील बाया मोहाविषयी जे बोलतात ते डॉ. राणी बंग यांच्या ‘गोईण’ या पुस्तकात पाहावे. गोईण म्हणजे मैत्रीण. गडचिरोलीच्या स्त्रियांनी झाडांविषयी सांगितलेले तेथे नोंदविले आहे. वृत्तपत्रातला मोह आणि गोईणीतला मोह एकाच काळातले आहेत. काळाच्या रेषेवर त्यांना एकामागे एक ठेवता येत नाही, ते एकमेकांसमोर उभे आहेत.

बांबूच्या बाबतीत तर व्याख्येनेच इतिहास घडविला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू गवत आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील व्याख्येत तो ‘झाड’ होता. २००६ च्या अधिनियमाने त्याला गौण वनोपज म्हटले. मेंढा (लेखा) येथे २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेला बांबू वाहतुकीचे परवाना-पुस्तक मिळाले, तोवर झाड की उपज हा वाद धुमसतच होता. १९२७ च्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द २०१७ मध्ये वगळण्यात आला. एका शब्दाला व्याख्येतून बाहेर पडायला नव्वद वर्षे लागली.

तेंदूच्या हंगामातील शब्दांचा क्रमही असाच बोलका आहे. पूर्वी पुडे मोजून ‘मजुरी’ मिळे. नंतर शासनाने नफ्यातला वाटा ‘बोनस’ म्हणून दिला. ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या तेव्हापासून खेडोपाडी ‘रॉयल्टी’ हा शब्द ऐकू येतो. राजाला देय असलेल्या रकमेचे हे इंग्रजी नाव आज ग्रामसभेच्या खात्यात जमा होणाऱ्या पैशाला आहे आणि ते उच्चारणाऱ्याला त्यात परके काही वाटत नाही. शुद्धीवादी अभ्यासकाला येथे इंग्रजीचे आक्रमण दिसेल. प्रस्तुत लेखकाला मात्र ‘मजुरी’ या रुळलेल्या शब्दापेक्षा ‘रॉयल्टी’ अधिक मानाची वाटते.

कला आणि कारागिरीच्या क्षेत्राचा येथे केवळ उल्लेख करतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आरमोरी परिसराची ओळख असलेला ‘कोसा’ शासकीय योजनांत ‘टसर’ झाला आणि ऐनाच्या झाडावर अळ्या राखणारा ढिवर ‘लाभार्थी’. ‘दंडार’ मागे पडून ‘नाटक’ पुढे आले, वडसा (देसाईगंज) हे त्याचे केंद्र झाले आणि ‘झाडीपट्टी’ हे एकेकाळी मागासलेपणा सुचविणारे नाव रंगभूमीचे अभिमानाचे विशेषण झाले. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना मिळालेल्या पद्मश्रीने त्यावर मोहोर उमटली. ‘मंडई’ म्हटल्यावर पुण्याच्या विद्यार्थ्याला भाजी आठवते, आमच्या विद्यार्थ्याला दिवाळीनंतरची जत्रा आणि रात्रीचे नाटक.

जबाब कोण लिहितो?

हा सर्व विचार वर्गाच्या बाहेरचा वाटेल, पण तो वर्गातच येऊन ठेपतो. झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. ‘डोळा’ ‘डोरा’ होतो. आपण उत्तरपत्रिकेत त्याखाली तांबडी रेघ ओढतो. प्रमाणलेखन शिकविणे हे आपले कर्तव्य आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु उच्चाराबरोबर आपण शब्दही दुरुस्त करतो : ‘नहर’ खोडून ‘कालवा’, ‘धान’ खोडून ‘भात’, ‘बोडी’ खोडून ‘शेततळे’. विद्यार्थी हे मन लावून शिकतो. मग तो गावी जातो.

वनहक्क नियम, २००८ मधील नियम १३ नुसार पुराव्यांत जुने शासकीय अभिलेख चालतात, त्याचप्रमाणे दावेदाराखेरीज अन्य ज्येष्ठ व्यक्तींचे लेखी स्वरूपात घेतलेले जबाबही चालतात. म्हातारा सांगतो, कोणीतरी लिहितो. लिहिणारा बहुधा गावातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी, म्हणजे आपलाच माजी विद्यार्थी. म्हातारा म्हणतो, या बोडीवर आमचा निस्तार होता. निस्तारपत्रकात, वाजिब-उल-अर्जात, जुन्या नकाशात हेच दोन शब्द किंवा त्यांचे सख्खे भाऊबंद असतात आणि म्हाताऱ्याचे तोंडी बोलणे या कागदांना जोडणारा दुवा तेवढाच असतो. लिहिणारा मात्र त्याला शिकविलेल्या शुद्ध भाषेत लिहितो की, सदर शेततळ्याचा आम्ही वापर करीत होतो. ‘शेततळे’ हा शब्द ज्याच्या टेबलावर जाईल, त्याला गेल्या काही वर्षांतील अनुदानाची योजना आठवेल, आणि ‘वापर’ कोणीही कशाचाही करू शकतो.